आप्पांची डावी सीट

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वयस्कर माणसाला मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारते, "तुम्हाला परत काय करता यायला हवंय?" मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा बदललेला असो, खांदा धरलेला असो की कंबर गेलेली असो, या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय मी व्यायाम सांगत नाही. उत्तरं तशी ठरलेली असतात. कुणाला जोतिबाच्या पायऱ्या चढायच्या असतात, कुणाला लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसायचं असतं. एका आजींना तर वरच्या फळीवरचा लोणच्याची बरणी सुनेला न सांगता खाली काढायची होती. आप्पा मगदूमांकडे मी घरी जायचे. ते म्हणाले, "बसायचं हाय."

"कुठं?"

"गाडीत. आनि उठायचं बी हाय. बसाय कसंबसं जमतंय, उठाय जमत न्हाई."

माझ्या तोंडून गेलं, की त्यात काय एवढं, मुलांना सांगून एखादी उंच गाडी घ्या. आप्पांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला माझी पदवी परत द्यावीशी वाटली. चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी, विमलकाकू, तेवढ्या हसल्या. "त्ये तसल्या गाडीचं न्हाई बोलत, डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या. "च्या घ्या आधी, मग दावतो तुमास्नी."

आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, ‘मी दावतो, मी करतो.’ काकूंच्या तोंडी ते शोभायचंही. त्या आप्पांपेक्षा वीतभर उंच होत्या आणि त्यांच्या चालण्याला अजून आवाज होता.

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरामागं छोटंसं अंगण होतं. तिथं ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. मला वाटलं, हातगाडी असेल. काकूंनी ताडपत्री ओढली तर खाली सायीच्या रंगाची, उघड्या टपाची, दोनच माणसांची एक विलायती स्पोर्ट्‌स कार! तिचं दार माझ्या मांडीलासुद्धा लागत नव्हतं. बसायची जागा जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. पेठेतली पोरं तिला ‘चप्पल’ म्हणायची. "आप्पा, चप्पल काढली काय आज?" असं कुणी ओरडलं की आप्पा भोंगा दाबून उत्तर द्यायचे.

ही गाडी त्यांना सव्विसाव्या वर्षी जयसिंगपूरजवळच्या एका बंगल्याच्या गोठ्यात सापडली होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. आप्पा उद्यमनगरच्या कारखान्यांत पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंडाचा एखादा भाग ओतायचा, तर आधी तो लाकडात हुबेहूब घडवायचा, त्या लाकडाचा ठसा वाळूत उमटवायचा आणि मग त्यात लोखंडाचा रस ओतायचा. यातलं लाकडाचं काम आप्पांचं. गाडीचा जो भाग सडलेला दिसेल त्याचा त्यांनी सागवानी पॅटर्न केला, ओळखीच्या फाउंड्रीतून ओतून घेतला आणि घासूनपुसून बसवला. सात वर्षं लागली. "इंजनाचं डोकं तेवढं विलायतेचं," ते सांगायचे, "बाकी शरीर उद्यमनगरचं हाय."

आप्पांना समजून घ्यायचं तर त्यांची पट्टी समजून घ्यायला हवी. लोखंड थंड होताना आकसतं. त्यामुळं लाकडी पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी या लोकांची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच आपल्या इंचापेक्षा केसभर मोठा. ती पितळी पट्टी आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायची आणि जगातल्या सगळ्या गोष्टी ते तिनं मोजायचे. पहिल्या आठवड्यात त्यांचा गुडघा किती वाकतो ते मी मोजत होते, तर त्यांनी पट्टी काढून माझ्या कागदावरची रेघ मोजली. "डॉक्टरीणबाई, मानूस बी थंड व्हायला लागला की आकसतोय. तुमी त्येची सूट धरलीसा न्हवं?"

मी म्हटलं, नाही धरली.

"मग चुकलं तुमचं," ते शांतपणे म्हणाले आणि पाय पुढं केला.

आप्पांना रस्त्यावर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रांगत होते. उजवा गुडघा बदलून चार महिने झाले होते आणि गाडी चालवायला डॉक्टरांनी नुकतीच परवानगी दिली होती. मी स्कूटरवरून चालले होते. एका चहाच्या टपरीसमोर गर्दी दिसली आणि गर्दीच्या मधोमध पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले आप्पा दोन्ही हात डांबरावर टेकून, गाडीच्या दारातून चौपायी बाहेर येत होते. दोन माणसं "पावणं पडलं, पावणं पडलं" म्हणत धावली. आप्पा खालूनच ओरडले, "पडलो न्हाई! उतराय लागलोय! सरका!" मग दाराला धरून, टपरीच्या बाकाला धरून, शेवटी टपरीवाल्याच्या खांद्याला धरून ते उभे राहिले आणि हात झटकून म्हणाले, "एक कट च्या. साखर कमी."

त्या दिवशी मी त्यांना घरी जाऊन रागावले. खरं तर चांगलीच तणतणले. पडला असतात तर एवढी शस्त्रक्रिया वाया गेली असती, ही हौस करायचं हे वय आहे का, वगैरे. या शेवटच्या वाक्याची मला आजही लाज वाटते. आप्पा ते सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "ह्येच तर वय हाय. मोठ्या गाडीत बसलं की खिडकीतनं चित्र बघितल्यागत वाटतंय बगा. हिच्यात रस्ता बुडाला कळतोय. वारं तोंडावर येतंय. चाळीसनं चालवली तरी शंभरचं समाधान मिळतंय. ह्या वयात चाळीसच्या वर जायाचं कुणाला हाय? तरन्या पोरांनी मोठ्या गाड्या घ्याव्यात. म्हाताऱ्याला बारकीच गाडी बरी."

मी म्हटलं, रांगणं बंद. एवढं तरी ऐका.

"ऐकलं," आप्पा म्हणाले. "मानसाला खाली जाता येत न्हाई, तर गाडी वर आणू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या शिरेपर्यंत त्यांचा पाय मोजायला लावला. साडेसतरा इंच. मग अंगणात फळ्या रचून त्यांनी दोन समांतर पट्ट्या केल्या, चाकांच्या रुंदीच्या, वीतभर उंच, मागच्या बाजूला उतार. गाडी उतारावरून वर चढवली की तिची सीट बरोबर खुर्चीच्या उंचीला यायची. आप्पा जमिनीवर उभे राहून नुसते मागं टेकायचे, एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचे. उतरताना पाय खाली सोडले की माणूस उभा. महिनाभर फळ्यांवर तालीम केल्यावर त्यांनी ते सिमेंटमध्ये पक्कं करून घेतलं आणि ‘ओटा’ असं नाव दिलं. ओटा आम्ही ठरवलेल्या मापापेक्षा दीड इंच उंच निघाला. मी विचारलं तर म्हणाले, "सूट धरली. गुडघं अजून आखडणार की." तोवर पाय लोंबकळू नयेत म्हणून त्यांनी खाली एक लाकडी पाट ठेवला.

आता अडचण एवढीच राहिली, की आप्पा घरी चढू शकत होते आणि घरीच उतरू शकत होते. मधे कुठंही नाही. त्यांनी ते आनंदानं स्वीकारलं. चहा गाडीत यायचा. वाण्याची यादी गाडीतून दिली जायची. देवदर्शन कोपऱ्यावरून हात जोडून व्हायचं. आणि गाडी एवढी बुटकी, की आप्पांना काहीही द्यायचं किंवा सांगायचं तर समोरच्याला कमरेतून वाकावं लागायचं. एकदा एका फाउंड्रीचे मालक त्यांच्याशी दहा मिनिटं वाकून बोलत होते आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरली म्हणून माझ्याकडे आले.

मग बाकीच्यांनीच मनावर घेतलं. चहाच्या टपरीवाल्यानं बाजूला विटांचा ओटा करून दिला. कुरुंदवाडला आप्पांची थोरली बहीण राहायची, सगळ्यांची आक्का. तिचा मुलगा भरत याला वाटलं, मामा इतक्या लांबून येणार आणि गाडीतच बसून राहणार, हे काही बरं नाही. त्यानं फोनवर उंची विचारून घेतली, चार दिवसांत सिमेंटचा ओटा घातला आणि निरोप धाडला, "मामा, या. झाक झालाय."

त्या रविवारी मलाही आमंत्रण होतं, ओट्याची तपासणी करायला. आप्पा गाडीतून निघाले. त्यांच्या डाव्या सीटवर गॅरेजवाले बाबूमिस्त्री होते, मधे गाडी बंद पडलीच तर असू द्यावेत म्हणून. काकू आणि मी एसटीनं. एसटीत काकूंना खिडकी मिळाली. मी सहज म्हटलं, तुम्ही गाडीतून का नाही जात कधी?

"जागा कुठं हाय?" काकू म्हणाल्या. "दोनच तर शिटा. आधी पोरास्नी पाळीपाळीनं न्यायचं. एक आलं की दुसरं. मग पावणंरावळं. मग बाबूमिस्त्री. लगीन झाल्यावर दीड वर्सानं गाडी चालू झाली, तवा एकदा वेशीपतोर नेलतं मला. येताना पाऊस आला. टप कुठं हाय तिला! लुगडं भिजलं सगळं." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून शेंगा काढल्या आणि माझ्या ओंजळीत घातल्या.

कुरुंदवाडला पोचलो तर आप्पा आमच्या आधी येऊन अंगणात गाडीतच बसलेले होते आणि सगळे जण ओट्याभोवती उभे होते. ओटा खरोखर झाक होता. सरळ, गुळगुळीत, कडेला रांगोळीसुद्धा. फक्त त्याच्या दोन पट्ट्यांमध्ये एवढं अंतर होतं की गाडी त्यांच्यामधून निघून गेली असती. भरतनं उंची मामाला विचारली होती. रुंदी विचारायची असते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. ऊस पिकवणारं घर. चाकांच्या रुंदीचं माप म्हणजे ट्रॅक्टरचं माप, दुसरं असतं कुठं?

भरत कान धरून उभा राहिला. आप्पा रागावतील असं मला वाटलं होतं. मापाची चूक म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच. पण ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बाळ, ओटा चुकला न्हाई. गाडी चुकली," ते म्हणाले. "तुझा ट्रॅक्टर चढीव की त्येच्यावर, उतरायची सोय झाली त्येची." शेवटी भरतनं आणि मिस्त्रींनी दोन्ही काखांत हात घालून त्यांना उचललं. आक्का पायरीवर बसून बघत होती. ऐंशीच्या पुढची बाई, तिचेही गुडघे गेलेले. ती म्हणाली, "आप्पू, मला बी एक ओटा कराय सांग. नुसतं उठायसाठी." पुढच्या भेटीआधी भरतनं तो चुकीचा ओटा फोडला आणि आप्पांनी पाठवलेल्या दोरीच्या मापानं दुसरा घातला.

अशी दोन वर्षं छान गेली. मी आठवड्यातून तीनदा जायचे. त्यांच्या पायाखालचा पाट त्यांनी स्वतःच रंधून दोनदा पातळ केला, गुडघे तसतसे आखडत होते म्हणून. याचं त्यांना दुःख नव्हतं. आपण धरलेली सूट बरोबर निघाली, याचाच आनंद जास्त होता.

मग खांदा गेला. डावा. आधी दुखायला लागला, मग आखडला आणि बरोबर अंगठ्याचा सांधाही गेला. जुन्या गाडीचा गिअर म्हणजे लोखंडी कांब. ती ढकलायला खांदा लागतो आणि धरायला अंगठा. आप्पांना पहिला गिअर पडत होता, दुसरा ओढला की डोळ्यांत पाणी यायचं. एका सकाळी ते टपरीपासून घरापर्यंत पहिल्याच गिअरमध्ये आले. इंजिन असं ओरडत होतं, की गल्लीतली माणसं दारात आली. आप्पांनी गाडी ओट्यावर चढवली, किल्ली काढली आणि बराच वेळ खाली उतरलेच नाहीत.

पुण्याहून मुलगा आला. तो चांगला मुलगा आहे. तो म्हणाला, "आप्पा, गाडी नीट सांभाळणाऱ्या कुणाला तरी देऊ. तुम्ही बघायला जात जा." आप्पा म्हणाले, "बघायला गाडी कशाला? फोटो हाय की." दिवाळीपर्यंत काय ते ठरवू, एवढं बोलून मुलगा पुण्याला गेला.

त्या आठवड्यात आप्पांनी मला सरळ विचारलं, "हात येतोय का न्हाई त्ये सांगा. गोड बोलू नगा."

या प्रश्नाला मी एरवी बगल देते. आप्पांना देता आली नाही. मी म्हटलं, "खांदा सुधारेल. वर जाईल, पाठीमागं जाईल, सदरा स्वतः घालता येईल. पण गिअर ओढण्याएवढी ताकद नाही येणार आप्पा. अंगठा तर नाहीच."

त्यांनी मान हलवली. खिशातून पट्टी काढली, उजव्या हातानं डाव्या हाताचा अंगठा उगीचच मोजला आणि पट्टी परत ठेवली. मी व्यायामाचा कागद लिहीत बसले.

भाद्रपद चालू होता. मगदूम जैन. दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी येते. त्या दिवशी एकमेकांकडे जाऊन वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची. बहुतेक लोक हात जोडून "काही चुकलं असेल तर क्षमा करा" म्हणतात, हल्ली फोनवर संदेशही येतात. आप्पांना ते मान्य नव्हतं. "‘काही’ म्हणजे काय?" ते विचारायचे. "काय चुकलं त्ये माहीत नसंल तर माफी कशाची मागतायसा? मोघम मापाची वस्तू कुठं बसत न्हाई." त्यांची पद्धत वेगळी. ते क्षमा उभं राहून मागायचे आणि नेमकी चूक सांगून मागायचे. याची लोकांना जरा भीतीच वाटायची, कारण ज्या चुका आपल्याला ठाऊकही नसायच्या, त्या आप्पा येऊन सांगून जायचे.

त्या दिवशी सकाळी मी गेले तर आप्पा स्वच्छ धोतर-सदरा घालून खुर्चीत बसलेले. मला पाहून ते खुर्चीचे दोन्ही हात धरून उठले. मी म्हटलं, बसा हो. ते उभेच राहिले आणि डावा हात जमेल तेवढा वर घेऊन त्यांनी हात जोडले. "डॉक्टरीणबाई, भिंतीवर बोटं चालवत न्यायचा व्यायाम तुमी सांगितलासा. त्यो मी अकरा दिवस केला न्हाई आनि केला म्हणून सांगितलं. उत्तम क्षमा."

मीही हात जोडले. म्हटलं, "आप्पा, हे वय आहे का हौसेचं, असं मी तुम्हाला बोलले होते. मला क्षमा करा."

"त्ये मी तवाच सोडलं," ते म्हणाले. मग वळून त्यांनी हाक मारली, "विमल, जरा भाईर ये."

काकू कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या. मी उठून जायला निघाले, तर आप्पांनी मला थांबायची खूण केली. ते अजून उभेच होते. त्यांच्या पोटऱ्या थरथरताना मला दिसत होत्या.

"गाडी चालू झाल्याला सत्तेचाळीस वर्सं झाली," ते म्हणाले. "डाव्या शिटावर पोरं बसली, पावणं बसलं, बाबूमिस्त्री बसला. एकदा गॅसची टाकी बसली. तुला म्या एकदाच नेलं आनि भिजवून आणलं. परत विचारलं बी न्हाई. तुझी जागा म्या वाटत सुटलो. चुकलं माझं. क्षमा कर."

काकू कणीक बोटांवरून सोडवत राहिल्या. मला वाटलं, त्या म्हणतील, असू द्या, त्यात काय. आमच्या बायका असंच म्हणतात. मग त्यांनी वर बघितलं.

"क्षमा मागतायसा," काकूंनी विचारलं, "का गिअर मागतायसा?"

आप्पांचा चेहरा पडला. मला तर जमिनीत जावंसं वाटलं. इतक्या दिवसांत कुणी त्यांना अशा मापात धरलेलं मी पाहिलं नव्हतं. ते खोटं बोलले असते तर मी त्यांना माफ केलं असतं, काकूंनीही केलं असतं. पण आप्पा खोटं बोलले नाहीत.

"दोन्ही," ते म्हणाले. "पण हात गेला नसता तर मागितली असती का क्षमा, त्ये मला सांगता यायचं न्हाई. त्येची बी क्षमा कर."

"बसा आता," काकू म्हणाल्या. "पाय थरथराय लागल्यात." त्यांनी एका हातानं त्यांचं कोपर धरून त्यांना खुर्चीत बसवलं. सदऱ्याच्या बाहीवर कणकेची पाच बोटं उमटली. "क्षमा आज देतो. गिअरचं मागनं बघू."

काकूंनी आप्पांना आठ दिवस वाट बघायला लावली. मी जाईन तेव्हा विचारायचे, काय झालं? आप्पा म्हणायचे, "अजून अर्ज मंजूर न्हाई." नवव्या दिवशी मी गेले तर घरात कुणी नाही. अंगणातून आवाज येत होता. ओट्यावर गाडी, इंजिन बंद. उजवीकडे आप्पा. डावीकडे काकू, पदर खोचलेला, उजवा हात गिअरच्या गोळ्यावर. आप्पा क्लच दाबून म्हणत होते, "दुसरा." काकू खटकन ओढायच्या. "तिसरा." खटक. आप्पांचा डावा हात मदतीला पुढं गेला की काकू त्यावर चापट मारायच्या. "हात लावायचा न्हाई. शिकवायचं तर तोंडानं शिकवा. सत्तेचाळीस वर्सं तोंड चालीवलंसा की."

दोन आठवडे बंद गाडीत त्यांनी ही शाळा चालवली. मग एका सकाळी ते खरंच बाहेर पडले. हे कायद्यात बसतं की नाही, मी विचारलं नाही. विसाच्या वर काटा जात नव्हता. गल्लीतली पोरं मागं धावत ओरडत होती, "दुसरा! काकू, दुसरा!" कोपऱ्यावर गाडी गचका खाऊन बंद पडली, तेव्हा चूक कुणाची यावर दोघांचं भर रस्त्यात भांडण झालं. क्लच उशिरा दाबला का गिअर लवकर ओढला? दूधवाल्याला मध्यस्थी करावी लागली. त्यानं काकूंच्या बाजूनं निकाल दिला. आप्पांनी तिथंच, बसल्याबसल्या, क्षमा मागितली.

दिवाळीला मुलगा आला तेव्हा ते दोघं कुरुंदवाडला जाऊन आलेले होते. गाडीचा विषय त्यानं काढलाच नाही. मला मात्र एका बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हे सुरक्षित आहे का?" मी म्हटलं, "नाही." मग थोड्या वेळानं म्हटलं, "पण त्यांना थांबवायचं मला सांगू नका." तो म्हणाला, "मलाही जमणार नाही." आम्ही दोघं अंगणाकडे बघत उभे राहिलो. काकू आप्पांना गिअरच्या आवाजावरून काहीतरी समजावून सांगत होत्या आणि आप्पा ऐकून घेत होते.

गेल्या माघात आप्पा गेले. सकाळी चहाला उठलेच नाहीत. आजारपण नाही, काही नाही. मी भेटायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "आदल्या दिवशी जयसिंगपूरपतोर जाऊन आलतो. एकदा बी बंद पडली न्हाई."

त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना रस्त्यावर शेवटचं पाहिलं. सकाळची वेळ, दसरा चौकाचा सिग्नल. मी एका पेशंटकडे चालले होते आणि माझ्या पुढं, एका बसच्या शेजारी, ती बुटकी गाडी उभी होती. मला फक्त दोन डोकी दिसत होती, एकाला मफलर, एकाला पदर. बसचा ड्रायव्हर वरून वाकून ओरडला, "आज्जी, सुटला की पयला टाका!" काकूंनी वर न बघता उत्तर दिलं, "तुमी तुमचं बगा."

मी स्कूटर थोडी पुढं घेतली. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. आप्पा समोर बघत होते. उजवा हात स्टिअरिंगवर. काकूंचा हात गिअरच्या गोळ्यावर आणि त्या हातावर आप्पांचा डावा हात ठेवलेला. त्या हाताला आता काही काम नव्हतं. काकूंनी त्याला चापट मारली नव्हती.

दिवा हिरवा झाला. आप्पा काही बोलले नाहीत. ‘पहिला’ नाही की काही नाही, ओठसुद्धा हलले नाहीत. त्यांचा पाय क्लचवर गेला असणार, कारण काकूंचा हात पुढं सरकला आणि त्याच्याबरोबर आप्पांचाही गेला. गाडी गचका न खाता निघाली. मागची वाहनं भोंगे वाजवायला लागली, मला स्कूटर काढायचं भान नव्हतं. चौक ओलांडताना काकूंनी दुसरा टाकला, मग तिसरा. गिअर पडल्यावर आप्पांनी हात काढून घ्यायला हवा होता. त्यांनी तो काढला नाही. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तो तिथंच होता.